एका तबकडीच्या चार किल्ल्या

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक खातेदाराची, दुसरी बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही, हे मी ३४ वर्षे लोकांना समजावून सांगत आलो. निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर, पैसे मोजून घेतलेला चित्रपट पाहण्यासाठी चार किल्ल्या जुळवाव्या लागतील, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

निमित्त झाले माझ्या थोरल्या बंधूंचे. दादांचे वय ८१. सांगलीच्या गणपती पेठेत त्यांनी आयुष्यभर कापडाचे दुकान चालविले. त्यापूर्वी पुण्यात महाविद्यालयात असताना त्यांनी सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ एकदाच पाहिला होता. पुढे वडील आजारी पडले, शिक्षण सुटले, दुकान गळ्यात आले. आमची अक्का तापाने गेली तेव्हा दादा ११ वर्षांचे होते. चित्रपटातील दुर्गाही तापानेच जाते. याविषयी ते कधी बोलले नाहीत. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढल्यानंतर मात्र म्हणाले, “आता नीट दिसते. तो सिनेमा एकदा पाहायचा आहे.” नातवाने मोबाइलवर लावून दिलेली धुरकट प्रत त्यांनी पाच मिनिटांत परत केली.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या कन्येने अपूच्या तिन्ही चित्रपटांचा ब्लू-रे संच पाठविला. या संचामागची हकीकत थोडक्यात सांगायलाच हवी. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. अमेरिकेतील अकॅडमी फिल्म आर्काइव्हने ते जळके अवशेष फेकून न देता सांभाळून ठेवले. अनेक वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ फिती हातांनी दुरुस्त केल्या. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग त्या मूळ निगेटिव्हवरून आणि उरलेला इतर चांगल्या प्रतींवरून घेऊन २०१५ साली हा संच निघाला. इतके श्रम घेऊन परत मिळविलेले चित्र अंधुक पाहणे म्हणजे त्या श्रमांचाच अनादर, असे माझ्या मनाने घेतले.

साध्या डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात, ब्लू-रेच्या चित्रात २० लाख ७३ हजार. तबकडीचा व्यास तोच, १२ सेंटिमीटर. परंतु वाचणारा किरण निराळा. डीव्हीडीला तांबडा, ब्लू-रेला निळा-जांभळा. म्हणून डीव्हीडीचा ड्राइव्ह ब्लू-रे वाचूच शकत नाही. ही पहिली किल्ली, आणि ती मी योग्य तीच आणली. संगणकही छोटाच घेतला, रोजमेळाच्या दोन वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. दुकानदार वेगळे ग्राफिक्स कार्ड गळ्यात घालू पाहत होता. पंधरा वर्षांपूर्वी त्याचे म्हणणे खरे ठरले असते. आजच्या साध्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्स ब्लू-रेला पुरून उरते. ८ जीबी मेमरी आणि आवाज न करणारी एसएसडी, एवढ्यावर मी थांबलो.

दादांना बोलावले. घरातली सारी मंडळी जमली. तबकडी आत गेली, क्षणभर गरगरली आणि थांबली. बाहेरच्या ड्राइव्हला यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नव्हती. मागच्या खाचेत तार लावल्यावर ती फिरू लागली, पण चित्र नाही. विंडोजमध्ये ब्लू-रे चालविण्याची सोय मुळातच नसते. तबकडीवरचे कुलूप उघडण्याचा परवाना असलेले सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यावे लागते. ही दुसरी किल्ली. ते त्याच रात्री ऑनलाइन घेतले, तर सूचना आली की तबकडी या प्रदेशासाठी नाही. ब्लू-रेसाठी जगाचे तीन प्रदेश पाडले आहेत. अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, भारत ‘सी’मध्ये. संगणकावर हा प्रदेश सॉफ्टवेअरमधून बदलता येतो, पण मोजक्याच वेळा. ही तिसरी किल्ली, आणि परदेशातून मुलांनी पाठविलेल्या तबकड्या ज्यांच्या घरी येतात, त्यांनी नेमकी हीच लक्षात ठेवावी. साधा ब्लू-रे प्लेअर स्वस्त व सोपा खरा. पण इथे विकला जाणारा बहुधा ‘सी’लाच बांधलेला असतो. मी संगणकाच्या वाटेला गेलो याचे समर्थन एवढेच.

प्रदेश बदलला. आवाज आला, शीर्षकसंगीत सुरू झाले, पडदा मात्र काळाच. रात्रीचे साडेदहा वाजले होते. “राहू दे, पुन्हा बघू,” असे म्हणून दादा उठले. त्या वयाच्या माणसाने ‘पुन्हा’ म्हटले की आपल्याला झोप येत नाही.

चौथी किल्ली एचडीएमआयच्या तारेत होती. संगणक प्रत्येक वेळी टीव्हीला ओळख विचारतो, आणि मधले प्रत्येक उपकरण ती ओळख पटवून देऊ शकले तरच चित्र सोडतो. या हस्तांदोलनाला एचडीसीपी म्हणतात. माझा जुना ॲम्प्लिफायर मध्ये बसला होता आणि त्याला ते जमत नव्हते. तार थेट टीव्हीला जोडताच काम झाले. या चित्रपटाचा मूळ ध्वनी एकमार्गी आहे. पंडित रविशंकरांची सतार ऐकायला सात स्पीकरांची गरज नाही.

दरम्यान एका परिचितांनी कुलूप तोडणारे सॉफ्टवेअर देऊ केले होते. तबकडी माझीच असल्यामुळे क्षणभर मोह झाला. परंतु २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले आहे, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझा हेतू तसा नव्हता, तरी नको म्हटले. लॉकर फोडण्याचा प्रसंग बँकेतही येतो, पण साक्षीदारांसमक्ष आणि नोंद करून.

आणखी दोन गोष्टी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. संगणकाची नेहमीची गती ६०ची. म्हणून कॅमेरा वळला की चित्र किंचित अडखळते. टीव्हीला चालत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये २४ निवडावे. दुसरे, ‘४के’च्या अल्ट्रा एचडी तबकड्यांसाठी हा खटाटोप करू नये. त्यांना लागणारी एसजीएक्स ही सुरक्षा-व्यवस्था इंटेलने ११व्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकली. नव्या संगणकावर त्या रीतसर लागत नाहीत. तिथे स्वतंत्र प्लेअरच घ्यावा.

पुढच्या रविवारी दादा पुन्हा आले. चित्र जवळजवळ चौकोनी, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. नातू ते ताणून पडदाभर करणार होता, त्याला थांबविले. काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून आगगाडी गेली तेव्हा दादा खुर्चीत पुढे सरकले. दुर्गेच्या शेवटच्या रात्री, वादळात दार थडथडत असताना, त्यांनी एकदाही मान फिरविली नाही. दोन तास संपल्यावर बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

मग त्यांनी व्यापाऱ्याच्या सवयीने विचारले, “सगळे मिळून किती बसले?” मी आकडा सांगितला. काही म्हणाले नाहीत. जिना उतरताना थांबून म्हणाले, “अक्काचा तो एक फोटो तुझ्याकडे आहे ना रे? यावर लागेल?”

सोमवारी सकाळी मी कपाटातला जुना अल्बम काढून नातवाच्या हातात दिला.