गाठ काढायची की गर्भाशय?

मुंबई : सोनोग्राफीच्या अहवालात 'फायब्रॉइड' हा शब्द दिसला, की घरात थेट शस्त्रक्रियेचीच चर्चा सुरू होते. वास्तविक, गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या या गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात. त्रास नसेल तर नियमित तपासणी पुरते. रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आकसतात. मात्र अतिरक्तस्रावाने रक्तक्षय झाला, मूत्राशयावर दाब आला आणि औषधांनी गुण आला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

मूल हवे असल्यास केवळ गाठी काढून गर्भाशय राखता येते; पण गाठी पुन्हा होऊ शकतात. गर्भाशय काढल्यास ती शक्यता संपते, मात्र हा निर्णय कायमचा असतो. बीडमधील ऊसतोड महिलांवरील अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. त्यामुळे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नको. उपनगरांत घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर ही पालिका रुग्णालये आहेत.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाल्यास साधारण दोन ते चार, तर पोट उघडून झाल्यास सुमारे सहा आठवडे विश्रांती लागते. बोरिवली वा मुलुंडहून लोकलच्या गर्दीतून कामावर जाणाऱ्या महिलांनी रजा ठरवताना हा प्रवासही हिशेबात धरावा. पाण्याच्या बादल्या, सिलिंडर उचलू नयेत. घरातल्या घरात चालणे मात्र लवकर सुरू करावे. ताप, वाढता रक्तस्राव किंवा पोटरीत सूज व वेदना जाणवल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.