ओटीपी आला नाही, मग पैसे गेले कसे?

समजा, ग्लासगोतल्या एका पावसाळी रविवारी तुम्ही चहा पीत महिन्याचं बँक स्टेटमेंट वाचताय. सबवेचं भाडं, किराणा, वीजबिल, सगळं ओळखीचं. मध्येच ७.९९ पौंड, मग २.४९, पुन्हा ७.९९. नावाच्या जागी तुटक अक्षरं आणि कधीही न पाहिलेलं गाव. ओटीपी तर आलाच नव्हता! कार्ड चोरीला गेलं, हा पहिला विचार. तसं असूही शकतं. पण घरात गेम खेळणारं कुणी असेल, तर बँकेला फोन करण्याआधी दहा मिनिटं थांबा.

आधी नावाचा घोळ पाहू. कार्डाच्या व्यवहाराचा निरोप एका बँकेकडून दुसरीकडे जातो तो बहुतेक वेळा आयएसओ ८५८३ या ठरावीक साच्यात. हा साचा पहिल्यांदा १९८७ साली प्रसिद्ध झाला. विक्रेत्याचं नाव, शहर आणि देश या सगळ्यांना मिळून त्यात ४० अक्षरांची जागा आहे. नावाच्या वाट्याला त्यातली जेमतेम बावीस-पंचवीस येतात. शिवाय गेम बनवणारी कंपनी एक आणि पैसे घेणारी दुसरीच, म्हणजे ॲपल, गूगल, सोनी किंवा स्टीमसारखं दुकान. त्यामुळे गेमचं नाव दिसेलच असं नाही. ॲपल तर कधीकधी दोन-तीन खरेद्या एकत्र करून एकच रक्कम कापतं. तारीखही एक-दोन दिवस पुढे सरकते, कारण खरेदीची मंजुरी आणि पैशांची प्रत्यक्ष नोंद या वेगळ्या पायऱ्या आहेत.

आता ओटीपी. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे ‘ओटीपी नाही म्हणजे चोरी’ हे समीकरण आपल्या अंगवळणी पडलं आहे. इथे ते चालत नाही. ब्रिटनमध्येही मार्च २०२२ पासून ऑनलाइन खरेदीसाठी कडक पडताळणी पूर्णपणे लागू आहे, पण लहान रकमा, कमी जोखमीचे व्यवहार आणि आधी परवानगी दिलेली सदस्यत्वं यांना सवलती आहेत. सहा महिन्यांपूर्वी मुलाच्या टॅबलेटवर एकदा कार्ड जोडलं, तेव्हाच तुमची पडताळणी झाली. पुढच्या खरेद्या गुपचूप होऊ शकतात.

मुलाला विचारलं तर तो म्हणेल, ‘मी पैसे नाही खर्च केले, हिरे वापरले.’ तो खोटं बोलत असेलच असं नाही. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ साली मांडलं, की पैसे देताना मनाला थोडी टोचणी लागते आणि तीच खर्चाला आवर घालते. पौंडांचे हिरे झाले की ती टोचणी बोथट होते. समजा ४.९९ पौंडांत ५५० हिरे मिळतात आणि हवी ती तलवार ४०० हिऱ्यांची आहे. तिची किंमत पौंडांत किती, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येणार नाही. उरलेले १५० हिरे मात्र पुढच्या खरेदीला खुणावत राहतात.

दोष नेहमी खेळणाऱ्याचाच असतो असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ग्राहकांना २४.५ कोटी डॉलर परत देण्याचं मान्य केलं. आरोप असे होते: बटणांची रचना गोंधळात टाकणारी, एका दाबात खरेदी पक्की, आणि वर पैशांबद्दल बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची खाती बंद.

त्या शेवटच्या आरोपात आपल्यासाठी धडा आहे. घरातल्या प्रत्येकाच्या दुकान-खात्यातला खरेदीचा इतिहास उघडा, ईमेलमधल्या पावत्या शोधा आणि रकमा जुळवा. जुळल्या, तर आधी त्या दुकानाकडेच परतावा मागा. घरच्याच खरेदीला बँकेकडे ‘चोरी’ म्हणणं खोटं ठरतं, आणि मुलाचं खातं गोठलं तर आधीच्या सगळ्या खरेद्याही अडकतात. मुलाचं वय जरूर सांगा. स्कॉटलंडच्या १९९१ च्या कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला एरवी करार करता येत नाही. त्या वयाची मुलं सहसा करतात तसे आणि वाजवी अटींवरचे व्यवहार तेवढे अपवाद. मात्र कार्ड आणि पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर परतावा मिळेलच याची खात्री नाही.

रकमा कुठेच जुळल्या नाहीत, तर मात्र वेळ घालवू नका. चोरलेलं कार्ड चालतं का हे बघायला भामटे आधी छोट्याच रकमा कापतात. बँकेच्या ॲपमधून कार्ड गोठवा आणि कार्डामागच्या क्रमांकावर फोन करा. बऱ्याच मोठ्या बँकांसाठी १५९ हा क्रमांकही चालतो. फसवणुकीची तक्रार स्कॉटलंडमध्ये थेट पोलिसांकडे, १०१ वर करायची. परवानगीविना गेलेल्या पैशांबद्दल बँकेला विनाविलंब कळवावं लागतं. १३ महिने ही शेवटची मर्यादा आहे.

आणि आज रात्रीच एक काम करा. मुलाच्या शेजारी बसून प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग लावा, आणि ती तलवार पौंडांत कितीला पडली याचं गणित त्यालाच करू द्या.