पंधरापैकी पंधरा

दर रविवारी पहाटेच्या गाडीने मी बडोद्याहून सुरतेस जातो. पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी मंडळी तेथे लिंबायत भागात मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यात माझा गाण्याचा छोटासा वर्ग आहे. त्या वर्गातील एका शिष्याची ही हकीगत. बडोदेकर वाचकांच्या घरी असा प्रसंग न येवो. पण आलाच तर माझ्यासारखी चूक त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून लिहीत आहे.

हा तिशीतला गृहस्थ कापडबाजारातील एका पेढीवर हिशेब लिहीत असे. दीड वर्षापूर्वी हेल्मेटवाचून स्कूटरवरून पडला आणि डोक्यास जबर मार लागला. इस्पितळात रोज त्याचा एक आकडा कागदावर लिहिला जाई. ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या शस्त्रवैद्यांनी १९७४ साली ही मोजणी जगापुढे ठेवली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६; सर्वांत कमी बेरीज ३, सर्वांत अधिक १५. पहिल्या दिवशी ६ असलेला आकडा तिसऱ्या आठवड्यात १५ वर गेला, तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. पण तो आकडा शुद्धीचा होता, संसाराचा नव्हे, हे आम्हां कोणाच्याच ध्यानी आले नाही.

तीन महिन्यांनी तो वर्गात आला. लहानपणी पाठ केलेली यमनातली बंदिश त्याने एकही स्वर न चुकता म्हटली. माझे डोळे भरून आले. मग ठेका लावून आलाप घ्यावयास सांगितले, तर सम सापडेना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चिडून उठून गेला.

आमचे वडील दरबारी गवई. ते म्हणत, शिष्य पाठांतरात पारखू नये, समेवर पारखावा. त्या दिवशी मला त्याचा विसर पडला. "गाणे शाबूत आहे, म्हणजे मनुष्य शाबूत आहे," असे मी घरच्यांना सांगून टाकले. गुरूचा शब्द म्हणून त्यांनी त्याला पेढीवर धाडले. महिन्याभरात खातेवहीत घोटाळे झाले, गिऱ्हाइकांशी भांडणे झाली, आणि शेठजींनी हात जोडले.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी दुसरी मोजणी केली. तीही ग्लासगोचीच. जेनेट व बाँड यांनी १९७५ साली ती पाच पायऱ्यांची मांडली. पुढे तिच्या आठ झाल्या. पहिली पायरी मृत्यू, आठवी पूर्ववत आयुष्य. यात विचारतात ते असे : घरी एकटा राहू शकतो का? खरेदी, प्रवास जमतो का? कामावर परतला का? छंद, मित्रमंडळी, घरातला स्वभाव कसा? प्रत्येक उत्तर त्याच्याच पूर्वायुष्याशी ताडून पाहतात. रोग्याबरोबर घरच्या माणसालाही विचारतात. कारण मेंदूला मार बसल्यावर आपल्यातला फरक आपल्यालाच पुष्कळदा कळत नाही.

शिष्य म्हणाला, "मी ठीक आहे." त्याच्या पत्नीने निराळेच सांगितले. भाजीला पाठवले तर चार जिनसांपैकी एक येते, उरलेल्या पैशांचा हिशेब लागत नाही, म्हणून प्रत्येक वेळी बरोबर जावे लागते. चालताबोलता, गाणारा मनुष्य; पण पायरी निघाली चौथी. ती गंभीर अपंगत्वातच मोडते.

मी खजील झालो. ती बाई शांतपणे म्हणाली, "गुरुजी, तुम्ही गाणं ऐकलंत. मी पिशवी बघत होते."

डॉक्टरांनी समजावले, की जुने पाठ झालेले सहसा टिकते. नवे ध्यानात ठेवणे आणि एका वेळी दोन व्यवधाने सांभाळणे मागाहून येते, कधी अपुरेच राहते. ठेका आणि आलाप ही दोन व्यवधानेच की! पायरी कळल्याने पेढीची घाई थांबली. चिठ्ठी घेऊन बाजार करण्याचा सराव सुरू झाला. त्याच्या चिडण्याला घरचे लोक स्वभाव न समजता दुखणे समजू लागले.

वर्षाअखेर पायरी सहावी झाली. आता तो पेढीवर अर्धा दिवस, सोप्या कामावर जातो. सम दहांत सहा-सात वेळा सापडते. आठवी पायरी येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. मीही आता सांगत नाही.

गेल्या रविवारी वर्गाला येताना त्याच्या हातात भाजीची पिशवी होती. चिठ्ठीवर सात जिनसा. न राहवून मी मोजल्या. सातही होत्या.