कुत्र्या-मांजरांच्या पोटाचे विकार : निदान आणि उपचार

आपल्या जुईनगरच्या सोसायट्यांमध्ये आता घरोघरी कुत्री-मांजरं दिसतात. पण "पोट दुखतंय" असं त्यांना सांगता येत नाही. आपण किती लवकर ओळखतो, यावर अनेकदा त्यांचा जीव अवलंबून असतो.

लक्षणे
एखादी उलटी झाली आणि प्राणी नंतर नीट खात-खेळत असेल, तर घाबरू नका. मात्र वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा सुस्ती असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती पटकन जागेवर गेली नाही आणि हिरड्या कोरड्या असतील, तर शरीरातलं पाणी कमी झालंय असं समजा. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उबळ येते पण काहीच बाहेर पडत नाही? मग जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा एक मिनिटही दवडू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर त्याच्या यकृतात चरबी साचू शकते.

कारणे
खरकटं, जंत, गिळलेला दोरा, न पचणारं दूध अशी अनेक कारणं असतात. पिल्लांमध्ये सर्वांत भीती पार्वो विषाणूची. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला.

निदान
कधीपासून? किती वेळा? काय खाल्लं? डॉक्टर आधी हेच विचारतात, म्हणून वेळा लिहून ठेवा आणि शीचा ताजा नमुना सोबत न्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात, पार्वो छोट्या किटवर कळतो. गरजेनुसार रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी करतात. मोठ्या उपचारांसाठी परळला प्राण्यांचं रुग्णालय आहे. तिथलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं.

उपचार
जंतांवर औषध असतं, अडकलेली वस्तू शस्त्रक्रियेने काढतात. पार्वोत मात्र विषाणूशी मुख्यतः शरीरच लढतं. सलाईन आणि उलटी थांबवणारं औषध त्याला तग धरायला मदत करतात. त्यामुळे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

आणि हो, घरातली गोळी देऊ नका! पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात.

पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करा आणि सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण करा. आपल्या पिल्लाचा पुढचा डोस कधी आहे, ते आजच कार्डावर पाहा.