जुनी येझदी घरी दुरुस्त करताना: क्रँक सील

समजा, एचएसआर लेआउटमधल्या एखाद्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली येझदी तुमच्या हाती आली. ही गाडी जवळच्याच म्हैसूरची. आयडियल जावाचा तिथला कारखाना 1996 मध्ये बंद झाला. पहिला मोह रंग आणि क्रोमचा होतो. तो बाजूला ठेवा.

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. पिस्टनखालचा क्रँककेस इथे पंपाचे काम करतो: पिस्टन वर जाताना मिश्रण आत ओढतो, खाली येताना ते सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील हवाबंद हवेत. उभ्या गाडीत ते कडक होतात.

क्लचकडचा सील गेला तर गिअर ऑइल आत ओढले जाते आणि दाट पांढरा धूर निघतो. डायनॅमोकडचा गेला तर धूर नाही, म्हणूनच तो जास्त घातक. बाहेरची हवा शिरून मिश्रण विरळ होते. वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येत असल्याने वंगणही कमी पडते. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरमध्ये अडकतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक जाम होते. थ्रॉटल सोडूनही इंजिनाचा वेग उतरत नसेल तर आधी हाच संशय घ्या.

तपासायला इनटेक व एक्झॉस्टची तोंडे बंद करा, प्लगच्या छिद्रातून सुमारे 0.4 बार दाबाने हवा भरा आणि सीलवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले की सील बदला. (सील स्वस्त असतो, मेहनत तिथवर पोचण्याची.)

हौसेने एअर फिल्टर काढणाऱ्यांनीही हेच गणित मांडावे: हवा वाढली, तर मेन जेटही मोठा हवा.