यंत्र नाणे कसे पारखते

नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे मर्म त्याच्या खाचेमागे असते. स्टेशनावरचे वजनाचे यंत्र असो, गावातले पाण्याचे एटीएम असो की पार्किंगचा मीटर, खाचेत पडलेल्या नाण्याबद्दल तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: ते खरे आहे का, किती किमतीचे आहे आणि ते खरोखर गल्ल्यात जाऊन पडले का. जुन्या बाजारात व्यापारी रुपया दगडावर आपटून, वाजवून घेत. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग त्या सवयीची आठवण ठेवून आहे. यंत्राला ना डोळे, ना बोटे. बहुधा त्याच्याजवळ राखणदारही नसतो आणि फसवू पाहणाऱ्याला हवा तेवढा वेळ मिळतो. यंत्राला कळतो तो फक्त धातूचा तुकडा. त्याचे मोल कळत नाही. म्हणून त्या तुकड्याला कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने विचारायचे यावरच सारी मदार असते.

एका प्रश्नाचे यंत्र

अशा यंत्राचे फार जुने वर्णन पहिल्या शतकातले आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळात तीर्थ देणाऱ्या एका पात्राची रचना लिहून ठेवली आहे. वरच्या फटीतून पाच द्राक्माचे नाणे टाकले की ते आतल्या तरफेच्या टोकावरच्या तबकडीवर पडे. त्याच्या भाराने तरफ झुके, तिला जोडलेली झडप उघडे आणि पाण्याची धार लागे. तबकडी कलता कलता नाणे घसरून खाली पडले की तरफ पूर्ववत होई आणि धार थांबे. हे यंत्र एकच प्रश्न विचारत होते: वजन पुरेसे आहे का? तेवढ्याच वजनाचा खडा टाकला असता तरी तीर्थ मिळाले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना रस्त्यावर आली. लंडनमध्ये १८८३ च्या सुमारास पर्सिव्हल एव्हरिट यांची पोस्टकार्डे देणारी यंत्रे बसली, १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगगमची यंत्रे आली आणि १८८९ मध्ये अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरात विल्यम ग्रे यांचा नाण्यावर चालणारा टेलिफोन सुरू झाला. यंत्रे लोकांत गेली तसे खाचांमध्ये लोखंडी वॉशर आणि शिशाच्या चकत्याही पडू लागल्या. तेव्हापासून यंत्र बनवणारे आणि त्याला फसवणारे यांची चढाओढ चालू आहे.

चार चाळण्या

विजेचा उपयोग नसलेल्या जुन्या यंत्रणेत नाणे केवळ स्वतःच्या वजनाने घरंगळत जाते आणि वाटेत त्याला चार चाळण्या लागतात.

पहिली चाळणी म्हणजे खुद्द खाच. तिची लांबी-रुंदी नाण्याच्या व्यासापेक्षा आणि जाडीपेक्षा किंचितच जास्त ठेवलेली असते. मोठा, जाड किंवा वाकलेला तुकडा दाराशीच अडतो. दुसरी चाळणी म्हणजे एक छोटा पाळणा. नाणे त्याच्या दोन टोकांमध्ये बसते. व्यास कमी असेल तर ते मधूनच निसटते आणि परतीच्या वाटेला लागते. व्यास बरोबर पण वजन कमी असेल तर पाळणा झुकत नाही. परतीचे बटण दाबेपर्यंत ते तिथेच अडकून राहते. दोन्ही बरोबर असतील तरच पाळणा कलतो आणि नाणे पुढे सरकते.

तिसरी चाळणी चुंबकाची. लोखंडी चकती त्याला चिकटते आणि परतीचे बटण दाबल्यावर एक पट्टी तिला खरवडून खाली पाडते. पण चुंबकाचे खरे कौशल्य न चिकटणाऱ्या धातूंवर दिसते. विद्युतवाहक धातू चुंबकाजवळून सरकला की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह उमटतात आणि ते धातूची गती रोखतात. तांबे आणि चांदी उत्तम वाहक, म्हणून त्यांचा वेग बराच मंदावतो. शिसे कमी वाहक आणि जड, म्हणून ते जवळजवळ न मंदावता निघून जाते. उतार संपल्यावर वेगवान तुकडा लांब पडतो, मंद तुकडा जवळ. बरोबर त्या अंतरावर एक आडोसा ठेवला की खरे-खोटे वेगळे होते. चौथी चाळणी ऐरणीची. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर आपटून नाणे उसळते. मऊ शिसे उसळतच नाही. व्यापाऱ्याच्या दगडाचेच हे यांत्रिक रूप म्हणता येईल.

या चाळण्यांचे वजन किती होते हे १९६५ मध्ये दिसले. अमेरिकेत चांदी महागली आणि दहा व पंचवीस सेंटच्या नाण्यांतून ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. पर्यायी धातू निवडताना एक मोठी अट आली: देशभरातल्या यंत्रांना नवे नाणे जुन्यासारखेच वाटले पाहिजे. शेवटी मधोमध शुद्ध तांबे आणि दोन्ही अंगांना तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा थर अशी रचना ठरली. तांब्याच्या गाभ्यामुळे नाण्याची विद्युतवाहकता चांदीच्या नाण्याशी जुळली आणि यंत्रांमधले चुंबक बदलावे लागले नाहीत.

नाणे वाजवून पाहण्याची पद्धत टेलिफोनमध्ये शब्दशः वापरली गेली. तीन खाचांच्या अमेरिकन सार्वजनिक फोनमध्ये पाच सेंटचे नाणे घंटेवर एकदा वाजे, दहा सेंटचे दोनदा आणि पंचवीस सेंटचे नाणे खोल आवाजाच्या गाँगवर आपटे. तारेच्या दुसऱ्या टोकाला ऑपरेटर हे आवाज मोजून फोन जोडून देई. यात एक दोष होता. ऑपरेटरपर्यंत नाणे पोहोचत नव्हते, नुसता आवाज पोहोचत होता. आणि आवाज दुसऱ्या मार्गानेही काढता येतो. पैसे मिळाल्याची खूण पैशांपासून सुटी करता आली की ती खूणच बनावट करता येते, हा धडा पुढच्या प्रत्येक रचनाकाराला लक्षात ठेवावा लागला.

धातूच्या आत पाहणे

आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत नाणे तारेच्या वेटोळ्यांजवळून घरंगळते. वेटोळ्यातून उलटसुलट बदलणारा विद्युतप्रवाह वाहत असतो. नाणे जवळ येताच त्यातही भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि वेटोळ्यातल्या प्रवाहाची कंप्रता व जोर बदलतात. हा बदल नाण्याच्या धातूवर, जाडीवर आणि आकारावर अवलंबून असतो. व्यास मोजण्यासाठी प्रकाशाचे सेन्सरही लावतात: नाण्याने प्रकाशकिरण किती वेळ अडवला आणि ते किती वेगाने चालले होते, यावरून त्याची रुंदी निघते.

चांगली यंत्रणा एकाच कंप्रतेवर विसंबत नाही. कंप्रता जितकी जास्त, तितका प्रवाह धातूच्या पृष्ठभागाजवळच राहतो. तांब्यात सेकंदाला दहा लाख आवर्तनांना तो साधारण ०.०७ मिलिमीटर खोल जातो. दहा हजार आवर्तनांना सुमारे ०.६६ मिलिमीटर. म्हणजे एका कंप्रतेवर वरचा थर कळतो, दुसरीवर गाभा. वरून मुलामा दिलेली चकती पहिल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देईल, दुसऱ्याला चुकेल. प्रश्न जितके परस्परांहून स्वतंत्र, तितके सर्वांची बरोबर उत्तरे देणारे खोटे नाणे बनवणे महाग. आणि नाण्याच्या किमतीपेक्षा ते महाग पडले की फसवणुकीत अर्थ उरत नाही. नाणे-यंत्रांची सुरक्षितता या हिशेबावर उभी असते.

प्रश्न कितीही असले तरी उत्तराला थोडी सूट द्यावीच लागते. वापराने नाणी झिजतात, मळतात, उन्हाळ्यात यंत्र तापते. म्हणून प्रत्येक मोजमापासाठी किमान आणि कमाल मर्यादा ठरवतात. मर्यादा सैल ठेवली तर खोटी नाणी आत येतात. आवळली तर खरी नाणी परत फेकली जातात. दुसरी चूक मालकाला दिसत नाही, पण तीही चूकच आहे. हातात खरे नाणे असलेल्या माणसाला यंत्राने खोटे ठरवू नये, हे चांगल्या रचनेचे कर्तव्य आहे.

मर्यादांमधली फट किती महाग पडते हे जपानने अनुभवले. १९८२ मध्ये जपानने ५०० येनचे नाणे काढले आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियाने ५०० वॉनचे. दोन्ही तांबे-निकेलची, दोन्ही २६.५ मिलिमीटर व्यासाची. वजनात फरक अर्ध्या ग्रॅमचा: येनचे ७.२ ग्रॅम, वॉनचे ७.७ ग्रॅम. किमतीत मात्र जवळपास दहापट अंतर. वॉनच्या नाण्याला भोके पाडून किंवा ते खरवडून वजन उतरवले की जपानी यंत्रे त्याला ५०० येन समजत. नव्वदीच्या दशकात हा प्रकार इतका वाढला की २००० मध्ये जपानला या नाण्याचा धातू बदलावा लागला आणि २०२१ मध्ये थरांचे, दोन रंगांचे नवे नाणे आणावे लागले.

दोरा, पाणी आणि ठिणगी

खरे नाणे वापरूनही फसवता येते. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे नाण्याला दोरा बांधून आत सोडायचे आणि काम झाले की ओढून घ्यायचे. त्यावर उपाय म्हणून वाट वळणाची करतात आणि तिच्यात एकाच दिशेने झुकणाऱ्या पट्ट्या बसवतात. नाणे खाली जाते, वर येताना अडते. याशिवाय वाटेवर एकामागून एक सेन्सर असतात. नाण्याने ते ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळात ओलांडले, तसेच शेवटचा सेन्सर पुन्हा मोकळा झाला, तरच पैसे जमा धरायचे, असा नियम असतो. क्रम उलटला किंवा नाणे मध्येच रेंगाळले तर यंत्र पुढचा व्यवहार थांबवते.

खाचेत पाणी ओतून आतली विजेची जोडणी बिघडवण्याचे प्रयत्न होतात, म्हणून ओघळ बाहेर नेणारी पन्हळ ठेवतात आणि सर्किट बंद डबीत बसवतात. लायटरच्या ठिणगीने खोटा संकेत उमटवण्याची युक्ती खेळांच्या यंत्रांवर चालली होती. त्यासाठी धातूचे आवरण, नीट अर्थिंग आणि ठरावीक लांबीचाच संकेत मान्य करणारी आज्ञावली पुरते. परतीच्या नळीत कागद कोंबून लोकांची नाणी अडकवून ठेवणारेही असतात. त्यात मालक नव्हे, ग्राहक लुटला जातो. नळी रुंद आणि उताराची ठेवणे हाच त्यावरचा चांगला इलाज.

उरतो गल्ला. पैसे गोळा करणाऱ्याच्या हाताला ते लागूच नयेत, अशी सोय करता येते: पेटी यंत्रातून काढताच तिचे झाकण आपोआप बंद होते आणि ते कार्यालयातच उघडते. सोबत मागे न फिरणारा मोजणीचा आकडा असतो. पेटीतली रक्कम आणि आकडा जुळला नाही, तर गळती कुठे आहे हे शोधता येते.

भारतीय नाण्यांची अडचण

भारतात रचनाकारासमोर वेगळीच पंचाईत आहे. १९९२ पासून रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे झाले. यासाठी वापरलेल्या पोलादात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असते, म्हणजेच ते चुंबकाला चिकटते. ‘चिकटेल ते खोटे’ हा जुना नियम इथे चालत नाही.

त्याहून मोठी अडचण आकारांची. १९९२ च्या त्या रुपयाचा व्यास २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेत रुपया लहान झाला आणि दोन रुपयांच्या नाण्याला नेमका तोच व्यास, तेच वजन आणि तोच धातू मिळाला. दोन्ही नाणी चलनात आहेत. माणूस आकडा वाचून त्यांत फरक करतो. व्यास, वजन आणि धातू मोजणाऱ्या यंत्राला ती एकच आहेत. यंत्राने ते नाणे रुपया धरले तर ग्राहकाचा रुपया बुडतो, दोन रुपये धरले तर मालकाचा. पाच रुपयांची तांबे-निकेलची जुनी नाणी ९ ग्रॅमची, नंतरची निकेल-पितळेची ६ ग्रॅमची, व्यास दोन्हींचा २३ मिलिमीटर. जाड जुन्या नाण्यासाठी खाच रुंद ठेवावी लागते आणि पहिली चाळणीच सैल होते.

दहा आणि वीस रुपयांच्या नाण्यांचाही व्यास सारखाच, २७ मिलिमीटर, वजने ७.७१ आणि ८.५४ ग्रॅम. इथे मात्र यंत्राला आधार आहे. दहाच्या नाण्यात बाहेरचे कडे पिवळे आणि मधला भाग पांढरा, वीसच्या नाण्यात बरोबर उलट. नाणे वेटोळ्याजवळून जाताना कडे, गाभा आणि पुन्हा कडे अशी संकेतांची चढउतार मिळते आणि दोन्ही नाणी स्पष्ट वेगळी कळतात.

खाचेमागची यंत्रणा कितीही हुशार असली तरी ती नाण्यापेक्षा जास्त जाणू शकत नाही. ब्रिटनने २०१७ मध्ये बारा कडांचे, दोन धातूंचे एक पौंडाचे नाणे आणले, तेव्हा आधीच्या वर्षीच यंत्र बनवणाऱ्यांना चाचणीची नाणी दिली होती. अमेरिकेने १९६५ मध्ये नाण्याचा धातूच यंत्रांकडे पाहून निवडला. फसवणुकीविरुद्धची पहिली तटबंदी टांकसाळीत बांधली जाते. म्हणून भारतातही नवे नाणे पाडण्यापूर्वी त्याचा व्यास, वजन आणि धातू चलनातल्या प्रत्येक नाण्याशी ताडून पाहिला पाहिजे आणि यंत्र बनवणाऱ्यांचे मत आधीच घेतले पाहिजे.