सात अक्षरे म्हणजे धून नव्हे

रेकॉर्डर मुलाच्या हाती देऊन सोबत ‘सी, डी, ई, एफ, जी, ए, बी’ या अक्षरांत उतरवलेला एक कागद दिला, की एखाद्या गाजलेल्या चित्रपटाची धून त्याला वाजवता आलीच पाहिजे, हा समज इतक्या सुशिक्षित पालकांच्या तोंडून वारंवार ऐकावा लागतो, की त्याचे सविस्तर खंडन करणे आता अगत्याचे झाले आहे. कागदावरील प्रत्येक अक्षर बिनचूक वाजवूनही धून ओळखू आली नाही, की दोष मुलाच्या माथी येतो; ‘याला सुराचा कान नाही’ असा शेरा बसतो आणि वाद्य माळ्यावर जाते. हा निवाडा सर्वस्वी अन्यायाचा आहे, कारण दोष त्या कागदाचा असतो.

अक्षर स्वराचे नाव तेवढे सांगते. तो स्वर किती काळ धरावा, कोणत्या मात्रेवर यावा, कोणत्या सप्तकातला असावा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नुसत्या अक्षरात नाही. १९७५ सालच्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी जॉन विल्यम्स यांनी रचलेल्या आणि ऑस्कर मिळवलेल्या संगीताचाच दाखला घ्या. शार्क माशाची चाहूल देणाऱ्या त्या धुनेचे बीज ‘ई’ आणि ‘एफ’ या अवघ्या दोन लगतच्या स्वरांत आहे. अक्षरांच्या हिशेबाने पाहिल्यास याहून सोपी धून जगात नसेल. परंतु ते दोन स्वर येतात, थांबतात, पुन्हा येतात, मधली शांतता आकसत जाते, लय वाढत जाते आणि हे सारे चेलो व डबल बास यांच्या खर्जात घडते, म्हणून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. कागदावर यांतले काय उतरले? विराम नाही, लय नाही, सप्तकही नाही. शाळकरी मुलांच्या हाती असणाऱ्या सोप्रानो रेकॉर्डरचा सर्वांत खालचा स्वरच सुमारे ५२३ हर्ट्झचा असल्याने तो खर्ज या वाद्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, ही गोष्ट मुलाला कोणी सांगतसुद्धा नाही.

शिवाय अक्षरे शेजारी असली म्हणून बोटांची हालचाल सोपी असते, असेही नाही. बरोक, म्हणजेच इंग्लिश, पद्धतीच्या रेकॉर्डरवर ‘ई’साठी डाव्या हाताचा अंगठा व तीन बोटे आणि उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट छिद्रांवर असतात; तेथून ‘एफ’वर जाताना मधले बोट उचलायचे आणि त्याच क्षणी अनामिका व करंगळी टेकवायची. एक बोट जरा मागे राहिले, की मध्ये तिसराच स्वर डोकावतो. १९२०च्या दशकात जर्मनीत निघालेल्या पद्धतीत हे काम नुसते मधले बोट उचलून भागते खरे, पण त्या सवलतीची किंमत पुढे ‘एफ शार्प’ सुरात आणताना मोजावी लागते.

याउलट, अक्षरलिपीच मुळात कनिष्ठ आहे, असे ठासून सांगणारे जाणकारही भेटतात, आणि हे ऐकून तर खेद वाटतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी शेकडो बंदिशी अक्षरांतच लिहून ठेवल्या. मात्र मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू, तारसप्तकासाठी वर बिंदू, स्वर लांबवण्यासाठी पुढे आडवी रेघ, एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली कंस, आणि सम व खाली यांची चिन्हे, एवढा तपशील त्यांनी कटाक्षाने नोंदला. हीच चिन्हे पेन्सिलीने त्या इंग्रजी अक्षरांना जोडावीत. मूळ धून ऐकत टाळीने मात्रा मोजली, की कोणत्या अक्षरापुढे किती रेघा हव्यात हे दहा वर्षांच्या मुलालाही ठरवता येते, आणि तोच कागद वाजवण्याजोगा होतो.

आपल्याकडचा आणखी एक हट्टी समज म्हणजे ‘सी’ म्हणजे सा. ‘सी’ ही पेटीवरची पांढरी एक. ती जागा कायमची ठरलेली आहे. सा मात्र गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे हलतो. पांढरी पाच, म्हणजे ‘जी’, सा मानली तर शुद्ध नीसाठी ‘एफ शार्प’ लागतो. कागद उतरवणाऱ्याने आळसाने शार्पचे चिन्ह गाळले, तर तेथे कोमल नी वाजतो आणि धुनेचा चेहराच बदलतो.

किरकोळ समजांना फार जागा देण्याचे कारण नाही. वरच्या सप्तकासाठी जोराने फुंकावे लागते, हे खरे नव्हे. मागचे छिद्र अंगठ्याने किंचितच उघडायचे असते, आणि जोर केला तर किंचाळीच निघते. रेकॉर्डर म्हणजे उभी धरलेली बासरी, हेही चूक. हवेची वाट आतच कोरलेली असल्याने त्याचे नाते अलगुजाशी आहे. ते लहान मुलांचे खेळणे आहे असे म्हणणाऱ्यांनी बाखने १७२१ साली अर्पण केलेला दुसरा ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्टो ऐकावा, आणि तो जुना वाटत असेल तर २०१९ साली सुरू झालेल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेची लुडविग गोरान्सन यांनी रचलेली धून ऐकावी. तिच्या आरंभीचा तो घुमारेदार, एकाकी स्वर बास रेकॉर्डरचाच आहे. आणि ही अक्षरे सर्व देशांत एकच अर्थ देतात, अशी खात्री बाळगून जर्मन पुस्तक उघडू नये: तेथे ‘बी’ म्हणजे आपली काळी पाच, आणि पांढऱ्या सातला ‘एच’ म्हणतात.